बी-१७ च्या डिजिटल स्किनवर खरे वाटणारे वेदरिंग: नवशिक्यांसाठी पायरीपायरीने

स्किन म्हणजे फ्लाइट सिम्युलेटरमधल्या विमानावर चढवायचे रंगाचे चित्र आणि वेदरिंग म्हणजे त्यावर दाखवलेली वापराची झीज आणि घाण. नव्याने स्किन करू लागलेल्याचे विमान लांबूनच ओळखू येते. पंखभर सारखेच टवके, प्रत्येक पॅनेलच्या रेषेत सारखाच काळा रंग आणि चारही इंजिनांमागे एकाच ब्रशने ओढलेली काजळी. घाण भरपूर, पण ती कुठून आली हे कुणाला सांगता येणार नाही. प्रत्येक डागाला उगम हवा, दिशा हवी आणि वय हवे. ही तीन उत्तरे ज्या डागाची देता येत नाहीत, तो पुसून टाकावा. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच कसोटीवर बेतल्या आहेत.

उदाहरण म्हणून दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधून उडणाऱ्या आठव्या अमेरिकी हवाई दलाचे बी-१७जी 'फ्लाइंग फोर्ट्रेस' हे चार इंजिनांचे बॉम्बर घेतले आहे. त्याचे युद्धकालीन फोटो मुबलक मिळतात. शिवाय रंगवलेली आणि उघड्या धातूची अशी दोन्ही विमाने त्यात असल्याने दोन्ही प्रकारचे वेदरिंग शिकता येते. चित्रे रंगवायला जिम्प किंवा क्रिटा हे सॉफ्टवेअर पुरेसे आहे, दोन्ही फुकट मिळतात. फोटोशॉप किंवा सब्स्टन्स पेंटर असेल तर काम लवकर होईल, पण पद्धत तीच राहील.

आधी एक विमान आणि एक महिना ठरवा

'साधारण युद्धातले बी-१७' अशी स्किन कधीच पटत नाही. एक ठरावीक विमान निवडा आणि ते कोणत्या महिन्यातले दाखवायचे ते ठरवा. सुरुवातीची बी-१७जी वरून ऑलिव्ह ड्रॅब (मळकट लष्करी हिरवा) आणि खालून न्यूट्रल ग्रे (राखाडी) रंगात येत. १९४४ च्या सुरुवातीपासून कारखान्यातून न रंगवलेली, उघड्या ॲल्युमिनियमची विमाने येऊ लागली. म्हणजे १९४४ च्या उन्हाळ्यातल्या तळावर ऑलिव्ह ड्रॅब विमान दिसले तर ते बहुधा जुने, बऱ्याच मोहिमा केलेले असणार आणि शेजारचे चंदेरी विमान त्याच्यापेक्षा नवे. विमानाचे वय असे आपोआप ठरते. नाकाजवळ साठ बॉम्बच्या खुणा (एका मोहिमेची एक) रंगवायच्या आणि बाकी विमान कोरे करकरीत ठेवायचे, हे जुळत नाही. उलट पाच खुणांच्या विमानाला तीन वर्षांची झीज देणेही चुकीचेच.

निशाण्यांवरूनही वय कळते. अमेरिकी ताऱ्याच्या निशाणीला १९४३ च्या उन्हाळ्यात थोडे महिने लाल किनार होती, मग ती निळी करण्याचा हुकूम आला. त्या काळातल्या जुन्या बी-१७एफवर (जीच्या आधीचे मॉडेल) किनारीचा निळा नंतर लावलेला असतो, म्हणून आतल्या निळ्यापेक्षा तो ताजा आणि गडद दाखवावा. शेपटीवरचा त्रिकोण किंवा चौकोन, त्यातले अक्षर (त्रिकोणात ए म्हणजे ९१वा बॉम्ब ग्रूप, चौकोनात डी म्हणजे १००वा) आणि स्क्वॉड्रनची अक्षरे तळावर आल्यावर रंगवली जात. त्यांच्याखालचा रंग जुना, वरची अक्षरे नवी. म्हणून अक्षरांचे लेयर उन्हाने विटल्याच्या लेयरच्या वर ठेवा आणि काजळी-तेलाच्या लेयरखाली. नवशिके हा क्रम हमखास चुकवतात.

किमान आठ-दहा युद्धकालीन फोटो जमवा. संग्रहालयातल्या विमानांवर घाणीसाठी विसंबू नका. 'मेम्फिस बेल' हे बी-१७एफ मोठ्या दुरुस्तीनंतर २०१८ पासून डेटनच्या संग्रहालयात उभे आहे. पॅनेल कुठे आहेत, झाकणे कशी बसतात हे पाहायला ते उत्तम. पण त्याचा रंग युद्धातल्या तळावर उघड्यावर राहिलेला नाही. काळ्यापांढऱ्या फोटोवरून रंगछटा ठरवू नका. त्यांतून डागाची जागा आणि आकार घ्या, रंग रंगीत फोटोंतून घ्या.

पायरी १: एक पिक्सेल म्हणजे किती मिलिमीटर

हा हिशेब पाच मिनिटांचा आहे आणि पुढचे अर्धे घोळ त्यानेच टळतात. बी-१७ च्या पंखांची लांबी टोकापासून टोकापर्यंत ३१.६ मीटर. टेम्प्लेटमध्ये (विमानाचे भाग सपाट उलगडून मांडलेल्या चित्रात) पूर्ण पंख ४०९६ पिक्सेलमध्ये बसवला असेल तर एक पिक्सेल जवळजवळ ८ मिलिमीटरचा होतो. अर्धा पंख तेवढ्याच जागेत असेल तर सुमारे ४ मिलिमीटरचा.

आता विचार करा. रंगाचा खरा टवका नखाएवढा असतो, म्हणजे एक ते तीन पिक्सेल. नवशिका दहा पिक्सेलच्या ब्रशने टवके मारतो, म्हणजे तळहाताएवढे पोपडे. विमान खेळण्यातले वाटू लागते, कारण डोळा टवक्याच्या आकारावरून विमानाचा आकार ठरवतो. रिव्हेटचे डोके तर एका पिक्सेलहूनही लहान येते. ते अल्बेडोत (मूळ रंगाच्या चित्रात) ठिपक्यांनी काढू नका. नॉर्मल मॅपमध्ये (पृष्ठभागाचे उंचसखलपण दाखवणाऱ्या चित्रात) आहेत तेवढे पुरेत.

पायरी २: बाणांचा लेयर

स्किनच्या टेम्प्लेटमध्ये भाग आडवे, उभे, कधी उलटे मांडलेले असतात. पंखाची खालची बाजू कुठे तोंड करून आहे हे नुसते पाहून कळत नाही. म्हणून रंगाला हात लावण्याआधी एक लेयर घ्या आणि प्रत्येक भागावर लाल बाण व क्रमांक टाका. फाइल सिम्युलेटरमध्ये चढवा, विमानाभोवती फिरून स्क्रीनशॉट घ्या, मग प्रत्येक बाण नाकाकडून शेपटीकडे वळेपर्यंत दुरुस्त करा. हा लेयर शेवटपर्यंत ठेवायचा, फक्त बंद करून. डावा आणि उजवा पंख एकाच टेक्स्चरवर आरशासारखे मांडले आहेत का, हेही इथेच कळते. तसे असेल तर एका पंखावरचा ठिगळाचा डाग दुसऱ्यावरही उमटेल. अशा भागावर नजरेत भरणारी खूण टाकू नका.

दिशा दोन असतात, हे पक्के लक्षात ठेवा. उडताना पडलेले डाग हवेच्या झोतासोबत मागे जातात. उभ्या विमानावरचे ओघळ जमिनीकडे जातात. बी-१७ शेपटीच्या चाकावर बसते, नाक वर. त्यामुळे जमिनीवर सरळ खाली वाहिलेला ओघळ विमानाच्या अंगावर तिरपा, खाली आणि मागे झुकलेला दिसतो. कोन बाजूने काढलेल्या फोटोवर मोजून घ्या. दोन्ही दिशांचे ओघळ एकाच धडावर दिसले की विमान खरोखर वापरातले वाटू लागते.

पायरी ३: मूळ रंग आणि विटणे

ऑलिव्ह ड्रॅबसाठी आरजीबी ७४, ७० आणि ५२ च्या आसपास सुरुवात करा. न्यूट्रल ग्रेसाठी ९८, १०२, १०४. हे पडद्यासाठीचे कामचलाऊ आकडे आहेत. तुमच्या सिमच्या उजेडात पाहून थोडे हलवा. अल्बेडोत शुद्ध काळा आणि शुद्ध पांढरा वापरू नका. सर्वात गडद काजळीही ३० च्या खाली नेऊ नये, नाहीतर उन्हात तिथे भोक पडल्यासारखे दिसते.

ऑलिव्ह ड्रॅब उन्हापावसाने विटतो, तेव्हा तो नुसता फिका न होता तपकिरी-राखाडीकडे जातो. त्यासाठी वर एक लेयर घ्या, त्यात १०४, ९४, ७४ असा रंग भरा आणि मास्क (लेयरचा कोणता भाग दिसावा हे ठरवणारा पडदा) लावा. मास्कवर मोठ्या, मऊ ब्रशने आकाशाकडे तोंड असलेल्या जागा उघडा: पंखाचा वरचा भाग, धडाची पाठ, आडव्या शेपटीची वरची बाजू. ओपॅसिटी (लेयरचा ठळकपणा) २० ते ३५ टक्के. पंखाखाली आणि धडाच्या पोटाला हा लेयर नको, तिथे ऊन लागत नाही.

मग पॅनेलनिहाय फरक. काही पॅनेल निवडून ३ ते ५ टक्के उजळ किंवा गडद करा. बुद्धिबळाच्या पटासारखे एकआड एक करू नका. बदललेले पॅनेल खरोखर वेगळे असते, बाकीचे जवळपास सारखेच. एका पंखावर दोन-तीन ठळक पॅनेल पुरेत.

एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. बी-१७ ची एलेरॉन, एलिव्हेटर आणि रडर, म्हणजे पंखांच्या आणि शेपटीच्या मागच्या कडेचे हलणारे भाग, कापडाने मढवलेली होती. कापडावरचा रंग धातूवरच्या रंगापेक्षा वेगळा विटतो, म्हणून हे भाग शेजारच्या पॅनेलपेक्षा स्पष्ट वेगळ्या छटेचे करा. त्यांच्यावर चंदेरी टवका कधीही नको, कारण खाली धातूच नाही. उघड्या धातूच्या विमानावरही हे भाग चंदेरी रंगाने रंगवलेले, मंद आणि एकसारखे असतात. तिथे मेटॅलिक (पृष्ठभाग किती धातूसारखा दिसावा याचे प्रमाण) शून्य किंवा अगदी कमी ठेवा.

पायरी ४: पॅनेलच्या रेषा

थोडक्यात: जितक्या दिसाव्यात असे वाटते, त्याच्या निम्म्या. रेषांचा लेयर मल्टिप्लायवर (खालचा रंग गडद करणाऱ्या मिश्रण-पर्यायावर), १० ते १५ टक्के. शुद्ध काळ्याऐवजी मूळ रंगाचीच गडद छटा. वारंवार उघडली जाणारी झाकणे, म्हणजे इंजिनांची आवरणे आणि इंधन भरण्याची तोंडे, २५ टक्क्यांपर्यंत न्यावीत. पंखाच्या मध्यावरचे कायमचे जोड ८ टक्क्यांवरही चालतात.

पायरी ५: टवके आणि झीज

टवका उडायला काहीतरी आपटावे लागते किंवा घासावे लागते. कुठे ते आधी लिहून काढा. नाकाखाली डावीकडे चालक दलाची लहान झडप आहे, धडाच्या मागच्या भागात उजवीकडे मुख्य दार. त्यांच्या चौकटीचा खालचा काठ बुटांनी घासतो. इंजिनांची आवरणे मेकॅनिक रोज काढतात-लावतात, त्यामुळे त्यांच्या पकडींभोवती आणि कडांना टवके. पंखाच्या मुळाशी, इंजिनांमधल्या भागात माणसे चालतात, इंधनाचे पाइप ओढतात. तिथे टवक्यांपेक्षा झीज जास्त: रंग पातळ होऊन किंचित चकाकणारा पट्टा. प्रोपेलरच्या पात्यांना पुढच्या कडेने वाळू आणि खडे लागतात, म्हणून काळा रंग तिथे घासला जातो आणि टोकाचा पिवळा पट्टाही पुढूनच झिजतो.

पंखाच्या पुढच्या कडेला मात्र थांबा. बी-१७ च्या पंखांवर आणि शेपटीवर बर्फ फोडणारे काळे रबरी पट्टे असत. बऱ्याच विमानांवरून ते काढूनही टाकले होते. तुमच्या फोटोत आहेत का ते पाहा. असतील तर ते मळकट काळ्या-राखाडी रबराचे, टवके नसलेले, कुठे कुठे ठिगळ लावलेले करा.

टवके काढायची रीत अशी. नवा लेयर, रंग १७०, १७२, १७२. एक ते तीन पिक्सेलचा कडक ब्रश, टोचत जा. घासत जाऊ नका. मग त्याच लेयरला मास्क लावून साधारण तिसरा हिस्सा पुसा. जे उरते ते गुच्छांत आणि विस्कळीत दिसते. पिवळ्या-हिरव्या झिंक क्रोमेटचा (रंगाखाली लावायच्या प्रायमरचा) थर प्रत्येक टवक्यात दाखवण्याची फॅशन आहे, ती बी-१७ वर टाळा. एखाद्या नव्या ठिगळाभोवती थोडा दिसला तर ठीक. आणि टवक्याच्या जागी मेटॅलिक मॅपही पांढरा करायला विसरू नका, नाहीतर टवका पांढऱ्या रंगाचा ठिपका वाटतो. नॉर्मल मॅपमध्ये मात्र टवके नकोत. रंगाचा थर मिलिमीटरच्या अंशाएवढा पातळ असतो. त्याला खोली दिली की विमान पोपडे धरलेल्या भिंतीसारखे दिसते.

तांबडा गंज ॲल्युमिनियमला येत नाही. घरातले ॲल्युमिनियमचे पातेले आठवा: नवे असताना चकाकते, वापराने राखाडी आणि मंद होते, पण तांबडे कधी होत नाही. गंजाचा तपकिरी रंग फक्त पोलादी भागांजवळ, तोही अगदी थोडा.

पायरी ६: धुराचे डाग

इथे विमान ओळखायला लागते. ब्रिटिश लँकॅस्टर बॉम्बरच्या मर्लिन इंजिनांचे धुराडे इंजिनाच्या दोन्ही बाजूंना असतात, त्यामुळे पट्टे पंखाच्या वर आणि खाली दोन्हीकडे जातात. बी-१७ मध्ये राइट सायक्लोन इंजिनाचा धूर टर्बोसुपरचार्जरमध्ये (धुराच्या जोराने फिरून इंजिनाला जास्त हवा पुरवणाऱ्या यंत्रात) जातो आणि तो बसवलेला आहे नॅसेलच्या (पंखावरच्या इंजिनाच्या घराच्या) खाली. म्हणून धुराचा मुख्य डाग पंखाच्या खालच्या बाजूला, टर्बोच्या मागे पडतो. लँकॅस्टरची स्किन पाहून बी-१७ च्या पंखावर वरून चार काळे पट्टे ओढणे, ही या विमानावरची सर्वात मोठी चूक.

डाग तीन थरांत करा. पहिला रुंद आणि अगदी मऊ, तपकिरी-राखाडी (८५, ७६, ६६), ओपॅसिटी १५ टक्के, टर्बोपासून पंखाच्या मागच्या कडेपर्यंत, मागे जाताना पसरत जाणारा. दुसरा अरुंद गाभा, गडद (४८, ४३, ३८), ३० टक्के, सुमारे निम्म्या लांबीत विरून जाणारा. तिसरा थर फिका राखाडी, तोंडाजवळच, १० ते १५ टक्के. हा तिसरा कशासाठी? त्या काळच्या विमानी पेट्रोलमध्ये टेट्राएथिल लेड असे आणि ते जळल्यावर शिशाच्या संयुगांची फिकट राख धुराबरोबर बाहेर पडून चिकटते. इंधनाचे मिश्रण पातळ असेल तर डाग फिका, दाट असेल तर काजळी काळी. लँकॅस्टरच्या पोटाच्या काळ्या 'नाइट' रंगावर तर हा डाग रंगापेक्षा उजळ दिसतो. काळ्यावर आणखी काळे ओढणाऱ्याला तो दिसतच नाही.

एका ब्रशच्या लांब फटकाऱ्याने डाग काढू नका. मऊ ब्रशने आकार द्या, मग हवेच्या दिशेत मोशन ब्लर (एकाच दिशेने पुसट करणारा फिल्टर) मारा, आणि मास्कवर बारीक उभ्याआडव्या पुसण्याने तो तोडा. पॅनेलच्या जोडाशी आणि फ्लॅपच्या फटीशी डागाची घनता थोडी बदलते. तेवढा तुटकपणा ठेवा. चारही इंजिनांचे डाग वेगवेगळे काढा. एखादे इंजिन नुकतेच बदललेले असू शकते. मग त्याचा डाग कमी आणि आवरण ताजे.

पायरी ७: तेल

बी-१७ चे इंजिन रेडियल, म्हणजे सिलिंडर वर्तुळात मांडलेले, आणि असे इंजिन तेल गाळतेच. आवरणाच्या मागच्या कडेपासून नॅसेलवर आणि पंखाच्या वरच्या बाजूला बारीक, लांब ओघळ जातात. रंग गडद तपकिरी (५२, ४२, ३०), जाडी एक ते चार पिक्सेल, सुरुवातीला ठळक आणि टोकाला धागा. चारही प्रोपेलर एकाच दिशेने, मागून पाहता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतात. त्यांचा झोत पिळलेला असल्याने नॅसेलच्या माथ्यावरचे ओघळ किंचित उजवीकडे कलतात, चारही इंजिनांवर उजवीकडेच. डाव्या पंखाचे तेल आरशासारखे उलटवून उजव्या पंखावर चिकटवले की हे बिघडते.

तेलाचा खरा परिणाम रंगापेक्षा चकाकीत असतो. त्याच आकाराचा मास्क रफनेस मॅपमध्ये (पृष्ठभाग किती मंद किंवा चकाकता ते ठरवणाऱ्या चित्रात) न्या आणि तिथे रफनेस कमी करा. सांडलेल्या पेट्रोलचा मात्र काळा डाग करू नका. भरण्याच्या तोंडामागे धूळ धुतली गेलेली, किंचित स्वच्छ जीभ काढा.

पायरी ८: धूळ, चिखल, बंदुकांची काजळी

आठव्या हवाई दलाची विमाने काँक्रीटच्या ठाण्यांवर उभी राहत. त्यामुळे सर्वांगाला चिखल नको. मुख्य चाकांच्या मागे, आतल्या नॅसेलच्या बाजूंना आणि फ्लॅपच्या खालच्या बाजूला राखाडी-तपकिरी शिंतोडे पुरेत. ओपॅसिटी २० टक्क्यांच्या आत. मशीनगनच्या नळ्यांभोवती, विशेषतः हनुवटीच्या बुरुजाजवळ, धुराची हलकी सावली द्या.

धुळीचा रंग तळावरून ठरतो. इटलीत फोज्जाभोवतीच्या तळांवरची विमाने करत असाल तर फिकट, कोरडी धूळ. १९४४ मध्ये खरगपूर परिसरातून उडणारी बी-२९ करायची असतील तर तिथली जांभ्याची तांबडी माती. कोकणातल्या वाचकाला तिची छटा वेगळी सांगायला नको.

पायरी ९: रफनेस

अल्बेडो कितीही सुंदर असला तरी रफनेस एकसारखा असेल तर विमान प्लास्टिकचे दिसते. सुरुवातीचे आकडे, ० म्हणजे आरसा आणि १ म्हणजे पूर्ण मंद असे धरून: ऑलिव्ह ड्रॅब ०.८, माणसे चालून घासलेला भाग ०.६५, वापरातले उघडे ॲल्युमिनियम ०.३५ ते ०.५, ताजे तेल ०.२, रबरी पट्टे ०.८, धुराचा डाग ०.९, धूळ ०.९५. उघड्या धातूच्या विमानावर बहुतेक वेदरिंग याच मॅपमध्ये करायचे असते. पॅनेलनिहाय ०.०५ ते ०.१ चा फरक द्या, अल्बेडो जवळपास सारखाच ठेवा. नाकाच्या पाठीवरचा न चकाकणारा ऑलिव्ह पट्टा तेवढा ०.८५.

बऱ्याच सिम्युलेटरमध्ये एकाच फाइलच्या लाल चॅनेलमध्ये ऑक्लूजन (खाचाखोचांतली सावली), हिरव्यात रफनेस आणि निळ्यात मेटॅलिक असते. काहींत रफनेसऐवजी ग्लॉस, म्हणजे नेमके उलट. मूळ फाइल उघडून पाहा: रबरी पट्ट्यांचा भाग हिरव्या चॅनेलमध्ये उजळ असेल तर रफनेस, गडद असेल तर ग्लॉस.

पायरी १०: तपासणी आणि एक्स्पोर्ट

विमान दुपारच्या उन्हात, ढगाळ हवेत आणि मावळतीला पाहा. दहा मीटरवरून आणि मग पन्नास मीटरवरून. पन्नासवरून टवके वेगळे मोजता आले तर ते मोठे झाले आहेत. मग वेदरिंगचा एकेक लेयर बंद-चालू करा. जो बंद केल्यावर फरकच कळत नाही तो काढून टाका, जो चालू करताच डोळ्यात घुसतो त्याची ओपॅसिटी निम्मी करा.

डीडीएस (सिम्युलेटरची टेक्स्चर फाइल) करताना मिपमॅप (लांबून दाखवायच्या लहान प्रती) तयार करण्याचा पर्याय चालू हवा, नाहीतर लांबून टवके चमचमतात. एक्स्पोर्टच्या पर्यायांत रंगाची फाइल एसआरजीबी, रफनेस-मेटॅलिकची फाइल लिनियर ठेवा. धुराच्या मऊ डागात चौकोनी ठोकळे किंवा पट्ट्या दिसल्या तर दोष ब्रशचा नाही, बीसी१ कॉम्प्रेशनचा (डीडीएस फाइल लहान करण्याच्या पद्धतीचा) आहे. सिम चालवत असेल तर बीसी७ घ्या. नसेल तर डागाच्या लेयरवर एक-दोन टक्के नॉइज टाकून पुन्हा एक्स्पोर्ट करा, पट्ट्या बऱ्याच कमी होतात. लेयर असलेली मूळ फाइल विमानाच्या क्रमांकाने आणि ठरवलेल्या महिन्याच्या नावाने वेगळी जपून ठेवा. त्याच विमानाची चार महिन्यांनंतरची स्किन करताना तिच्यावरच तेल, काजळी आणि बॉम्बच्या खुणा वाढवत नेता येतात.